पहिला घाव

कांबळे मॅडमनी पहिल्याच दिवशी एका प्राध्यापकाचं रक्त काढलं.

विद्यापीठाच्या निरनिराळ्या विभागांतले अठरा प्राध्यापक भूशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेत जमले होते. भौतिकशास्त्र, रसायन, वाणिज्य, गणित, सिव्हिल. आपापल्या विषयात विद्यार्थ्यांकडून लिहून कसं घ्यायचं, हे प्राध्यापकांना शिकवणारी तीन दिवसांची कार्यशाळा होती. हजेरी सक्तीची होती, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे आंबलेले होते. गणिताच्या सरांनी मागच्या बाकावर तपासायला उत्तरपत्रिकांचा गठ्ठाच आणला होता. मी दाराजवळ सह्यांचा कागद घेऊन बसले होते. मॅडमची साहाय्यक म्हणून मला नोकरीला लागून चार दिवस झाले होते आणि त्या चार दिवसांत मी त्यांच्याशी चार वाक्यंही बोलले नव्हते.

मॅडम आल्या. ठेंगण्या, खांद्यांनी रुंद, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी बूट. नमस्कार नाही, स्वागत नाही. खाकी पिशवीतून नारळाएवढा काळा दगड काढून त्यांनी पहिल्या टेबलावर ठेवला. मग हातोडी काढली. भूशास्त्राच्या माणसांकडे असते तसली, एका अंगाला चौकोनी तोंड, दुसऱ्या अंगाला टोक. काही कळायच्या आत त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून दगडावर घातली.

कपाटांच्या काचा थरथरल्या. दगडाचे तीन तुकडे झाले. एक कपची उडून पहिल्या रांगेतल्या पोतदार सरांच्या भुवईवर बसली. पोतदार सर भौतिकशास्त्राचे, नेहमी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. रक्ताची बारीक धार चष्म्याच्या काचेवरून उतरली आणि शर्टाच्या खिशावर टपटपायला लागली.

"कुणी उठायचं न्हाय," मॅडम म्हणाल्या. "कागद घ्या. आत्ता काय बघितलासा ते पाच ओळीत लिवा. पाच मिन्टं."

"मॅडम, अहो, सरांना लागलंय," कुणीतरी म्हणालं.

"दिसतंय की मला. सर, तुमी बी लिवा. रुमाल धरा आणि लिवा."

पाच मिनिटांनी मॅडमनी कागद गोळा करून मोठ्यानं वाचले. 'बेसाल्ट हा अग्निजन्य खडक असून दख्खनच्या पठारावर विपुल प्रमाणात आढळतो.' 'खाणकाम हा प्राथमिक व्यवसायाचा एक प्रमुख प्रकार आहे.' पोतदार सरांनी एका हातानं रुमाल दाबून धरत लिहिलं होतं, 'आघातामुळे गतिज ऊर्जेचे रूपांतर ध्वनी व उष्णता यांत होते.' अठराही कागद असेच होते.

"समोर माणूस फुटलाय," मॅडम म्हणाल्या, "आणि एकाच्या बी कागदावर रक्त न्हाय. ज्याचं फुटलंय त्याच्या बी न्हाय! आणि तुमी पोरांस्नी लिवायला शिकवणार?"

मग त्या स्वतः पोतदार सरांजवळ गेल्या आणि पिशवीतला कापूस काढून त्यांच्या भुवईवर दाबला. "लई दुखतंय का?" हे मात्र हळू विचारलं.

त्या पाच मिनिटांत मीही लिहिलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला. मॅडमची नजर तेव्हा माझ्याकडे होती.

आमच्या खोलीला कागदोपत्री 'लेखन साहाय्य कक्ष' म्हणत. प्रत्यक्षात ती भूशास्त्राची अडगळीची खोली होती. तिन्ही भिंतींना खडकांच्या नमुन्यांची काचेची कपाटं, मध्ये एक लांब टेबल, लोखंडी स्टुलं आणि कोपऱ्यात सदामामांची चहाची शेगडी. सदामामा आमचे शिपाई. माणसं तीन आणि दगड आठशे, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

मॅडम मूळच्या भूशास्त्राच्या, कसबा बावड्यात वाढलेल्या आणि तिथंच राहणाऱ्या. परदेशात परिषदेला जाऊन आल्या तरी बोली तीच. जुन्या कोल्हापुरी बायकांसारखं स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" असंच म्हणायच्या. कुलसचिवांसमोरही त्यांचा आवाज एवढासुद्धा खाली यायचा नाही. फोनवर बोलायला लागल्या की खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीतून वर बघायचे. मला त्यांनी पहिल्या आठवड्यातच नाव ठेवलं. माझं मराठी अक्षर दुसरीतल्या मुलीसारखं आहे आणि मनात आकडे मी इंग्रजीतून मोजते, हे त्यांना तेवढ्यात कळलं होतं.

"ए कॉन्व्हेंट, तोंडात काय धरलंयस? थुक आनि बोल."

मला रागही यायचा आणि भीतीही वाटायची. घरी माझ्याशी या आवाजात कुणी बोललेलं नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. ज्याच्यावर त्या ओरडायच्या, त्याच्या वर्गात दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. पूर्ण तास. कधी आठवडाभर. मग त्याच्याबरोबर बसून त्याचे प्रश्न बदलायच्या, त्याची वहीतपासणी निम्म्यावर आणायच्या. वाणिज्यच्या एका मॅडमनी शंभर मुलांच्या वह्या कशा तपासू म्हणून रडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी त्या बाईंच्या पर्समधलं लाल पेन काढून टेबलावर ठेवलं आणि हातोडीनं ठेचलं. लाल शाई माझ्या ओढणीवर उडाली.

"आता तपास. ऱ्हस्व-दीर्घ सोड. पोरानं काय बघितलंय तेवढं वाच आनि खाली एकच प्रश्न लिव. संपलं."

अशी किती लाल पेनं त्यांनी फोडली असतील याची गणती नाही. सदामामा टेबल पुसता पुसता म्हणायचे, "खाटकाच्या दुकानात नोकरी लागल्यागत झालंय."

मॅडमचा खरा वैरी म्हणजे जर्नल. आमच्याकडे प्रॅक्टिकलची जर्नल ही लिहायची वस्तू नव्हती, उतरवून काढायची होती. मागच्या वर्षीच्या एखाद्या हुशार मुलीची जर्नल 'मदर जर्नल' म्हणून ठेवलेली असायची आणि सगळा वर्ग तिच्यावरून उतरवायचा. प्रयोग झाला काय, न झाला काय. सर पानं मोजून सही करायचे.

एका पावसाळी दुपारी आम्ही पोतदार सरांच्या प्रयोगशाळेत गेलो. त्यांच्या भुवईवर तोवर बारीक पांढरा व्रण उरला होता. टेबलावर लंबकाच्या प्रयोगाच्या चाळीस जर्नल होत्या. मॅडमनी पहिली उघडली, दुसरी उघडली, दहावी उघडली. चाळीसही मुलांच्या लंबकाला सेकंदाच्या शेवटच्या अंशापर्यंत एकच वेळ लागला होता. मूळ जर्नलमध्ये सातव्या आकड्याशेजारी शाईचा डाग पडला होता. एका मुलानं तो डागही गोल काढून आतून रंगवला होता.

मॅडमनी चाळीसच्या चाळीस जर्नल छातीशी कवटाळल्या, व्हरांड्यात गेल्या आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली सोडून दिल्या. खाली स्कूटर उभ्या होत्या. एका आरशाची काच फुटल्याचा आवाज वरपर्यंत आला. पानं चिखलात पसरली.

पोतदार सरांनी धावत येऊन त्यांचं मनगट धरलं. सर थरथरत होते. "तुम्ही बाई आहात म्हणून... नाहीतर..."

"नाहीतर काय? मार की! हाण!" मॅडमनी दुसऱ्या हातानं त्यांची कॉलर धरली. "बावीस वर्सं पोरांकडनं खोटं लिवून घेतलंस, तवा हात थरथरला न्हाय का रे तुझा?"

मुलं दारात गोळा झाली होती. मला वाटलं, आता दोघं कठड्यावरून खाली जाणार. मग सरांच्या कॉलरचं बटण तुटलं आणि टप टप करत फरशीवरून लांब गेलं. त्या आवाजानं दोघंही भानावर आले. सर आत जाऊन, कुणीतरी दोर कापल्यासारखे, खुर्चीत बसले.

मॅडमनी लंबक उचलून त्यांच्यासमोर टांगला. "घड्याळ लावा. मी मोजतो, तुमी लिवा."

सर लिहायला लागले. त्यांचा आकडा चाळीस मुलांच्या आकड्याशी जुळला नाही. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा नाही. त्या तासाच्या शेवटी त्यांनी पाच ओळी लिहून मॅडमच्या हातात दिल्या. त्यांतली एक मला पाठ आहे. 'या लंबकाचा दोरा ताणला गेला असून तो बदलायला हवा, हे मला आज समजले.' पुढच्या सोमवारपासून त्यांच्या प्रयोगशाळेत मदर जर्नल बंद झाली. प्रयोग झाला की मुलांनी तिथंच पाच ओळी लिहायच्या, आज डोळ्यांनी काय दिसलं ते, पुस्तकातला शब्द नको. वर्षभरात ही पद्धत नऊ विभागांत गेली. दर शनिवारी वह्या आमच्या खोलीत यायच्या. मॅडमच्या आधी त्या मी वाचायची.

पाचच ओळी का, असं मी त्यांना एकदा विचारलं. माझ्या दृष्टीनं हे मोठंच धाडस होतं. मॅडम बशीतून चहा पीत होत्या.

"माझ्या बाबाचं चार ओळीत भागवलं हुतं," त्या म्हणाल्या. "म्हणून पाच. एक जास्त."

बाबा एका गुऱ्हाळावर घाण्यात ऊस घालायच्या कामाला होते. पट्ट्यावरचं झाकण तुटलेलं होतं, महिनाभर तसंच होतं. बाही पट्ट्यात अडकून त्यांचा उजवा हात घाण्यात गेला. दहा वर्षांच्या मॅडम भाकरी घेऊन गेल्या होत्या, चार पावलांवर उभ्या होत्या. मालकाच्या कारकुनानं कागद केला. चार ओळींचा. कामगार दारू पिऊन कामावर आला होता, म्हणून अपघात झाला.

"बाबानं जल्मात दारू बघितली न्हवती. मला वाचाय येत हुतं. मी सगळं बघितलतं. पर मला कोन विचारतंय? बाबानं डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. उजवा हुता कुठं?"

बशी त्यांनी इतक्या जोरात ठेवली की तिचा टवका उडाला. "आनि आवाज गं," त्या म्हणाल्या. "हाताचा." आणि उडालेला टवका उचलायला त्या वाकल्या.

दुसऱ्या वर्षी ती वही आली.

रेश्मा मलकापूरकडची, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होती. त्यांच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडायचं यंत्र आहे. बाहेरचे ठेकेदार आपल्या बांधकामाच्या काँक्रीटचे ठोकळे तिथं आणून देतात. यंत्र ठोकळा दाबत जातं, ठोकळा स्फोट झाल्यासारखा फुटतो, आणि काटा जिथं असेल तो आकडा त्या काँक्रीटची ताकद म्हणून अहवालात जातो. रेश्मानं लिहिलं होतं:

'आज मुलींच्या नवीन वसतिगृहाचे ठोकळे आले. पहिला ठोकळा फुटला तेव्हा काटा निम्म्यावर होता. दुसरा त्याच्या आधीच फुटला. सरांनी आकडा रजिस्टरमध्ये अगोदरच लिहून ठेवला होता, तो मोठा होता. पुढच्या वर्षी मी त्याच इमारतीत राहायला जाणार आहे.'

मी त्या ओळी तीनदा वाचल्या आणि वही गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवली. मला वाटलं, तिथवर पोचेपर्यंत मॅडम दमतील. मॅडम कधीच दमायच्या नाहीत, हे मला माहीत होतं.

त्यांनी ती वही वाचली आणि त्या ओरडल्या नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली. त्यांनी रेश्माला बोलावून घेतलं.

"ह्ये तू सोताच्या डोळ्यांनी बघितलंस?"

"व्हय मॅडम."

"भ्यालीस का?"

"व्हय की."

"मग ते बी खाली लिव."

रेश्मानं सहावी ओळ लिहिली, 'मला भीती वाटते.' मॅडमनी त्या पानाची प्रत पत्राला जोडून कुलगुरूंकडे पाठवली. मूळ वही टेबलाच्या खणात ठेवली. दोन दिवसांनी सिव्हिलचे सर येऊन हात जोडून गेले. ठोकळे नेहमी पास होतात म्हणून आकडा आधी लिहायची सवय पडली, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांची कीव आली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी खरोखरच बरीच वर्षं त्या काट्याकडे बघितलं नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी अकराला तीन माणसं आली. खोलीत मी होते, पोतदार सर होते, वाणिज्यच्या दोन मॅडम होत्या, सदामामा शेगडीपाशी होते. कांबळे मॅडम टेबलाशी बसून रेश्माच्या ओळी दुसऱ्या कागदावर उतरवून घेत होत्या. वही समोर उघडी होती, हातोडी शेजारी कागदांवर वजन म्हणून ठेवलेली.

पुढचा माणूस वसतिगृहाच्या ठेकेदाराचा मेव्हणा. त्यानं तसं सांगितलं. पांढरा शर्ट, हसरा चेहरा.

"ताई, चहा-बिहा हाय का न्हाय पावण्याला?"

"काम बोला."

"वही द्या. पोरगी ल्हान हाय, चुकतंय पोरीचं. उद्या तिचं लगीन-बिगीन व्हायचंय." त्यानं पंजा उघड्या वहीवर ठेवला. नुसता ठेवला. बोटांत अंगठ्या होत्या.

"हात काढ."

"काढतो की. वहीसकट काढतो."

"हात काढ," मॅडम दुसऱ्यांदा म्हणाल्या.

तो हसला. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी हातोडी उचलली आणि चौकोनी तोंडानं त्याच्या पंजावर घातली.

तो आवाज मला लिहून दाखवावा लागला, ते पुढे येईल. तो माणूस आधी ओरडलाच नाही. स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग ओरडला, आणि उरलेल्या दोघांनी लोखंडी स्टुलं उचलली.

मी टेबलाखाली शिरले. तिथून मला पाय दिसत होते, आणि मॅडम खाली पडल्यावर मॅडम दिसल्या. स्टूल त्यांच्या खांद्यावर बसलं, मग पाठीवर, मग पुन्हा खांद्यावर. पोतदार सर मध्ये पडले. त्यांच्या बरगडीत लाथ बसली, तशी सरांनी त्या पायाला मिठीच मारली आणि सोडला नाही. काचेचं कपाट कलंडलं. आठशे दगडांतले निम्मे त्या खोलीत कोसळले असतील. मॅडम पालथ्या पडून राहिल्या होत्या, वही पोटाखाली होती. त्यांच्या कानातून रक्त येत होतं आणि त्या शिव्या देत होत्या. क्षणभरही थांबल्या नाहीत. सदामामा दाराचा लोखंडी अडसर घेऊन आले आणि त्यांनी एकाच्या गुडघ्यावर घातला, तेव्हा ते तिघं पळाले.

मॅडमचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, कानाचा पडदा फाटला होता. त्या माणसाच्या पंजाचे तुकडे झाले होते. त्याच्या बाजूनं तक्रार झाली की बाईनं विनाकारण हल्ला केला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे जबाब द्यायचे होते. पोतदार सरांनी रात्री बसून एक मजकूर केला होता. तीन इसमांनी अचानक हल्ला केला, झटापटीत मॅडमच्या हातातली हातोडी एकास लागली. त्याच्या पाच प्रती त्यांनी आम्हाला दिल्या.

"सगळ्यांनी हेच लिहायचं," ते म्हणाले. "शब्द बदलू नका."

व्हरांड्यातला कॅमेरा महिनोन्‌महिने बंद होता. आमच्याखेरीज कुणी काही पाहिलेलं नव्हतं. मी तो मजकूर माझ्या दुसरीतल्या अक्षरात उतरवला. उतरवताना बरं वाटत होतं. दुसऱ्यानं लिहिलेलं उतरवायला काहीच धैर्य लागत नाही.

आम्ही ते कागद घेऊन दवाखान्यात गेलो. मॅडमचा खांदा आणि हात पट्ट्यांनी छातीशी आवळलेला होता, तोंड सुजलेलं. डाव्या हातानं त्यांनी एकेक कागद डोळ्यांसमोर धरून वाचला. पाचही.

"पोतदार," त्या म्हणाल्या, "शाईचा डाग बी काढायचा हुता की ह्यात."

सर लालबुंद झाले. "मॅडम, तुम्ही आधी मारलंत असं लिहिलं तर नोकरी जाईल. हा कक्ष बंद होईल. तुमच्यावर खटला चालेल. ही चेष्टा नाही."

"मग आधी कोण मारलं?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"झटापट कुठनं काढलासा? त्यानं हात लावला न्हवता मला. हसत हुता." त्यांना धाप लागली. "उद्या त्यांचा वकील ह्ये पाच कागद शेजारी शेजारी ठेवील. पोरगं सुदीक वळखील हे उतरवलेलं हाय म्हणून. आनि तुमचं खोटं निघालं की त्या पोरीचं बी खोटं. तिच्या पाच ओळी टिकवायच्या असतील तर माझं पाप त्यात याय पायजे."

सर उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

मग मॅडमनी मान माझ्याकडे वळवली. "कॉन्व्हेंट. पयल्या दिवशी तू एक कागद घडी घालून पर्समधी ठेवलास. त्यात सरांचं रक्त हुतं?"

"होतं," मी म्हणाले.

"मग आज का न्हाय?"

मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि लिहायला लागले. मॅडमनी दोनदा हात काढ म्हटलं. तो हसला. त्याचा हात वहीवर होता, मॅडमवर नव्हता. पहिला घाव मॅडमनी घातला. मी टेबलाखाली होते. लिहून झाल्यावर मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी सावकाश वाचला.

"आवाज लिवला न्हाईस."

"कसला?"

"हाताचा."

मी पुन्हा बसले आणि लिहिलं की तो आवाज वाळक्या फांदीसारखा नव्हता, ओल्या फांदीसारखा होता. मॅडमनी ते वाचलं आणि डोळे मिटले.

"त्योच," त्या म्हणाल्या. "दोनदा ऐकला मी. एकदा बाबाचा." मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांदा माझ्याच हातनं."

पाचही जबाब नव्यानं लिहिले गेले. पोतदार सरांनी सगळ्यात शेवटी लिहिला. सदामामांनी सांगितलेल्या जबाबात पहिली ओळ अशी होती की चहा उतू जाईल म्हणून त्यांनी आधी शेगडी बंद केली. वाणिज्यच्या एका मॅडमनी लिहिलं की आपण डोळे गच्च मिटून घेतले होते, फक्त ऐकलं. हवालदार वैतागले. "ह्यात मेळ कुठं हाय?"

विद्यापीठानं नेमलेल्या चौकशी समितीपुढे ठेकेदाराच्या वकिलानं रेश्माची वही म्हणजे मॅडमनी रचलेलं कुभांड आहे, असं सांगितलं. अध्यक्षांनी आमचे जबाब त्याच्यापुढे सरकवले. या लोकांनी स्वतःच्या मॅडमला वाचवलेलं नाही, ते म्हणाले, मग वही कशाला रचतील? वसतिगृहाच्या खांबांतून नमुने काढून दुसऱ्या शहरात तपासायला गेले. रेश्माचा काटा खरा निघाला. बांधकाम थांबलं. अर्धवट खांबांतून वर आलेल्या गजांवर आता गंज चढला आहे. रेश्मा जुन्याच वसतिगृहात राहून शेवटच्या वर्षाला आहे.

मॅडम निलंबित झाल्या. खटला चालू आहे. कक्षाला कुलूप लागलं आणि मला परीक्षा विभागात पाठवलं. पाच ओळींची पद्धत सहा विभागांत आपोआप बंद पडली, तीन विभागांत अजून चालू आहे. पोतदार सर शनिवारी वह्या स्वतःच्या घरी नेतात. निलंबनाचं पत्र आलं त्या दिवशी मी मॅडमना फोन केला होता. मला फक्त रडू येत होतं. "रडून झालं की लिव," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात मी एसटीनं रत्नागिरीला चालले होते. मलकापूरच्या पुढे रस्ता रुंद करायला डोंगर कापलाय, तिथं यंत्र आडवं आल्यामुळे गाडी थांबली. खिडकीतून मला त्या ताज्या कापाखाली खाकी पिशवी दिसली, मग पुरुषी बूट, मग त्या. एकट्याच होत्या. केस बरेच पांढरे झालेले. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. हातोडी अजून पोलिसांकडे पुरावा म्हणून जमा आहे, हे मला माहीत होतं. त्या एक दगड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून दुसऱ्या दगडावर घालत होत्या. उजवा हात पुरता वर जात नव्हता, म्हणून घाव तिरका बसत होता. तिसऱ्या की चौथ्या घावाला दगड फुटला. कपची उडाली असावी, कारण त्यांनी कपाळाला हात लावला आणि बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं. बोट साडीला पुसलं. मग खाली बसून पिशवीतून वही काढली आणि लिहायला लागल्या.

मी खिडकीची काच सरकवली. चालत्या-थांबत्या गाडीतून मी आजवर कुणाला हाक मारलेली नाही. तेव्हाही मारली नाही. यंत्र बाजूला झालं आणि गाडी हलली.

त्यांनी वर बघून हात केला, असं इथं लिहिलं तर मला बरं वाटेल. त्यांनी वर बघितलं नाही. त्या लिहीत होत्या, आणि रक्त भुवईपर्यंत आलं होतं.